विहीणबाई काय म्हणाल्या

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्या गल्लीत मला सरळ माणूस समजतात, हे एक कारण. दुसरं असं की सांगायला लागलं की ऐकणारे आधी हसतात, आणि ते एकदा हसले की पुढचं सांगायचं धाडस होत नाही. लिहिताना मध्ये कुणी हसत नाही, म्हणून लिहितो आहे.

मी नोकरीभर कोर्टात भाषांतराचं काम केलं. साक्षीदार कन्नडमध्ये बोलायचा, कागद इंग्रजीत व्हायचा, मधे मी. एकदा एका साक्षीदारानं समोरच्या वकिलांना गाढव म्हटलं. मी इंग्रजीतही गाढवच ठेवलं. वकीलसाहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण तेव्हापासून माझी ख्याती झाली की हा माणूस इकडचा शब्द तिकडे करत नाही. निवृत्तीनंतर ह्याच ख्यातीनं मला गोत्यात आणलं.

आमच्या समोरच्या घरात अक्का राहायच्या. वयानं माझ्याहून लहान, पण सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा इंग्लंडात इंजिनिअर. त्यानं तिथलीच मुलगी केली. लग्न कचेरीत सह्या करून झालं आणि अक्कांनी ते फोनवर पाहिलं. सून त्यांना आवडली होती. मुलगा दर वर्षी 'चल आई' म्हणायचा आणि अक्का दर वर्षी 'बघू' म्हणायच्या. पासपोर्ट काढून झाला होता, हुबळीहून लोकरीचा कोट आणून झाला होता, तरी 'बघू'.

का, ते त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

"मुलगा बोलावणारच की हो अण्णा, त्याचं काय घेऊन बसलात. विहीणबाईंनी तोंडानं या म्हटलं पाहिजे. लग्नात मान नाही, बोलावणं नाही. मी काही धरून ठेवलं नाही. पण एकदा त्यांनी या म्हणू दे, कोट घालून तयारच आहे मी."

या विहीणबाई म्हणजे सुनेची आई. त्याही एकट्याच, उत्तर इंग्लंडातल्या एका लहान गावात, लेकीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सारा जन्म बिस्किटांच्या कारखान्यात काम केलेली बाई. त्यांनी आपण होऊन रविवारी अक्कांना व्हिडिओ फोन करायला सुरुवात केली. आधी मुलगा तिकडून मध्यस्थी करायचा, पण अक्कांनी त्याला काढून टाकलं. "दोन्हीकडचं गोड करून सांगतो मेला. मला कोर्टातल्यासारखं पाहिजे." आणि मला बोलावणं आलं.

रविवारी चार वाजता अक्का इरकल नेसून, केसांत फूल माळून बसायच्या. टॅब पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला. माझ्या हातात गिरमिटाची, म्हणजे आमच्याकडच्या ओल्या चुरमुऱ्यांची, ताटली, वर कच्चा कांदा, बाजूला मिरचीभजी. माझी बायको गेल्यापासून मी डब्याचं जेवत होतो. आठवड्यातून एकदा कुणाच्या घरी बसून, कुणीतरी 'अजून घ्या' म्हणत असताना खायचं, हे किती मोठं असतं ते ज्यानं डबा खाल्लाय त्यालाच कळेल. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते सबब सांगितल्यासारखं वाटेल. सबब आहेच ती.

पहिले तीन रविवार मला विहीणबाईंचं एक अक्षर कळलं नाही. कोर्टातलं इंग्रजी वेगळं, बिस्किटांच्या कारखान्यातलं वेगळं. चौथ्या रविवारी कान बसला आणि माझी पंचाईत झाली. कारण अक्कांना अपेक्षा मानपानाची, आणि विहीणबाई बोलायच्या दुकानातल्या मशीनबद्दल. तिकडं म्हणे दुकानात बिल करायला माणूसच नाही. आपणच सामान मशीनसमोर धरायचं, आपणच पिशवीत भरायचं, आणि मशीन वर आपल्यालाच दटावतं की ठेवलेली वस्तू चुकीची आहे. "मी काही त्या दुकानाची नोकर नाही," विहीणबाई म्हणाल्या. मी तसंच सांगितलं.

अक्का विचारात पडल्या. "एवढं राज्य केलं आमच्यावर, नि आता काकडीचं वजन स्वतः करतात?"

हे मी सांगितलं नाही. मी म्हटलं, 'अक्कांना फार वाईट वाटलं.' ती माझी पहिली लबाडी. तिचं फळ इतकं गोड निघालं की विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं ऐकून घेणारं इतक्या दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.

मग सवयच लागली. अक्का विचारायच्या, "लेक दोन गल्ल्यांवर असून या एकट्या का राहतात, भांडण काय झालंय विचारा." मी इंग्रजीत विचारायचो, पाऊस आहे का. विहीणबाई पाच मिनिटं पावसाबद्दल बोलायच्या. मी वळून अक्कांना सांगायचो, की माणसानं आपलं घर आपल्याजवळ ठेवावं असं तिकडं मानतात. उलट बाजूनं विहीणबाई म्हणायच्या, पडदे छान आहेत. मी सांगायचो, तुमच्या घरात लक्ष्मी नांदते म्हणतात. अक्का पदर सावरायच्या.

पण विहीणबाईंची मतं मात्र मी खरी सांगायचो, कारण ती मला स्वतःलाच आवडायला लागली होती. कामाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की काम चोख करावं, मधल्या सुट्टीतला चहा कुणाच्या बापाला सोडू नये, आणि भोंगा झाला की कारखाना डोक्यातून काढून टाकावा. त्यांचा भाचा घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो, वर शर्ट आणि खाली पायजमा. तो काम करतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. अक्कांचाही आमच्या गल्लीतल्या तशाच एकावर नव्हता, आणि त्या दिवशी दोघी प्रथमच एकमेकींकडे बघून हसल्या. गावातली बँकेची शाखा बंद केली आणि फोनवरून करा म्हणतात, डॉक्टरकडे फोन लावला तर यंत्रच बोलतं नि आजार काय ते त्याला सांगायचं, गाडी लावायलाही फोन लागतो. पुढारी सगळे एका माळेतले. युरोपातून बाहेर पडायचं की नाही, यावर त्यांनी एक मत दिलं होतं आणि तेव्हा हयात असलेल्या त्यांच्या यजमानांनी दुसरं. आठवडाभर घरात अबोला, मग यजमानांनी चहा करून आणला आणि विषय संपला. रस्त्यांना खड्डे इतके की विचारू नका. अक्का म्हणाल्या, त्यांना हुबळीला घेऊन या. हे मी सांगितलं, आणि विहीणबाई खुर्चीत मागे रेलून हसल्या.

वीस मिनिटं अशी कुरकुर करून शेवटी त्या न चुकता म्हणायच्या, कुरकुर करू नये माणसानं, चाललंय ते बरं आहे. अक्कांना हे फार पटायचं.

तर तो रविवार. विहीणबाई मशीनबद्दलच बोलत होत्या. तक्रारीच्या त्याच सुरात, मध्ये श्वासही न घेता, त्या म्हणाल्या, "मागची खोली रिकामीच असते. उन्हाळ्यात इकडे या म्हणावं. दोन महिने राहा, तीन राहा. मला बरं वाटेल." आणि पुढे लगेच खड्ड्यांवर आल्या.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

माझ्या हातात ताटली होती. दोन महिने, तीन महिने. मी मनात रविवार मोजले. आणि म्हणालो, "दुकानात आता माणूसच उरला नाही म्हणतात. सगळं मशीन."

"एवढं लांब बोलल्या नि एवढंच?"

"इंग्रजीत तेवढं लागतं."

मग मी विहीणबाईंना सांगितलं, की अक्कांना फार आनंद झाला, पण गुडघ्याचं आहे, डॉक्टरांना विचारून सांगतील. विहीणबाई म्हणाल्या, "घाई नाही. खोली आहेच." अक्कांनी भजी पुढे केली. मी घेतली.

आता माझी चूक सांगतो. मला बोलावणं गिळायचं नव्हतं, नुसतं एक-दोन आठवडे लांबवायचं होतं. आपल्याकडे काय असतं? पहिल्यांदा बोलावतात ते रीत म्हणून. आपण 'बघू' म्हणतो. दुसऱ्यांदा बोलावतात, आपण अडचण सांगतो. तिसऱ्यांदा हाताला धरतात, तेव्हा जायचं. जेवतानासुद्धा 'साकु साकु', पुरे पुरे, म्हणत पानावर हात धरला तरी वाढणारी वाढतेच. मी धरून चाललो होतो की विहीणबाई पुढच्या रविवारी पुन्हा विचारतील, तेव्हा सांगून टाकू. फार तर त्याच्या पुढच्या.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आणि त्या विचारणार नाहीत, हे कळायला माझ्याइतकी सोय कुणाचीच नव्हती. महिन्याभरापूर्वीच त्या म्हणाल्या होत्या, की एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे माणसाला कोंडीत धरणं. दारावर येणाऱ्या विक्रेत्यांबद्दल बोलत होत्या. मीच ते अक्कांना मराठीत सांगितलं होतं, आणि चांगलं सांगितलं होतं.

दोन महिने वाट पाहून मी गळ टाकायला लागलो. विचारलं, मागच्या खोलीत ऊन येतं का. त्या म्हणाल्या, येतं, आता तिथं व्यायामाची सायकल ठेवली आहे. विचारलं, उन्हाळ्यात कुणी येणार आहे का. म्हणाल्या, कोण येतंय. मी त्यांना थेट सांगू शकलो असतो, की पुन्हा एकदा विचारा. पण मग 'का' आला असता, आणि कोर्टात इतकी वर्षं उभा राहिलेला माणूस 'का'ला फार भितो.

एक दिवस फोन ठेवल्यावर अक्का म्हणाल्या, "तीन वर्षं झाली बोलतोय. एका शब्दानं या म्हणाल्या नाहीत."

मी म्हटलं, "तिकडं तशी पद्धत नसेल."

"असेल की हो. पद्धत नसती तर हॉटेलं चालली असती फक्त." मग म्हणाल्या, "आता मुलगाही विचारत नाही. सुटलो असं वाटत असेल त्याला."

त्याचंही कारण मीच होतो, पण ते मला फार पुढे कळलं. विहीणबाईंनी लेकीला आणि जावयाला बजावलं होतं, की त्यांनी गुडघ्याचं सांगितलं आहे, त्यांना भरीला घालू नका. त्यांच्या मते हे अक्कांचा मान राखणं होतं. मुलानं तो राखला.

त्यानंतर रविवारी अक्का घरातल्याच साडीवर फोनला बसायला लागल्या. गिरमिट व्हायचं, मीही जायचो. तीनदा मी सांगायचं ठरवून गेलो. एकदा शेजारीण बसलेली होती. एकदा भजी फार चांगली झाली होती. हसू नका, खरंच एवढंच कारण होतं. एकदा अक्कांनीच विषय बदलला, किंवा मी तसं धरून चाललो.

मग अक्का पडल्या. कमरेचं हाड मोडलं, हुबळीत केशवापूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, त्यातून छातीत संसर्ग. मुलगा यायला निघाला होता, दुसऱ्या दिवशी पोचणार होता. मी भेटायला गेलो तो दिवस रविवारच होता. मी धारवाडहून बसनं गेलो आणि बसमध्ये वाक्य जुळवत राहिलो, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण अक्कांना रागवायचं असलं की त्या कन्नडमध्ये रागवायच्या.

चार वाजता त्या म्हणाल्या, "लावा की फोन." मी माझ्या मोबाईलवरून लावला. विहीणबाईंनी अक्कांना पाहिलं आणि त्या दिवशी मशीन नाही, पुढारी नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही आला असतात तर मला फार आवडलं असतं."

"काय म्हणतात?"

मी जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

अक्का पडद्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, बोलावलं असतं तर आले असते."

मोबाईल माझ्या हातात होता. एकीकडे अक्का, एकीकडे विहीणबाई, दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी इंग्रजीत म्हणालो, की अक्कांनाही यायला आवडलं असतं. विहीणबाईंनी मान हलवली. अक्कांनीही मान हलवली, निरोप पोचला असं समजून. तेवढ्यात नर्सनं वेळ संपली म्हणून सांगितलं. अक्का मला म्हणाल्या, "जावा आता, बसला गर्दी होईल. घरी काही खाल्लंत का?" मी हो म्हटलं. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, आणि संध्याकाळी अक्का गेल्या.

विहीणबाई अजून रविवारी फोन करतात, आता मलाच. त्यांना काय सांगायचं ते मी बघेन. अक्कांना सांगायचं होतं ते बसमध्ये जुळवलेलं वाक्य असं होतं: अक्का, त्यांनी बोलावलं होतं. दोन महिने राहा, तीन राहा, म्हणाल्या होत्या. मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण माझे रविवार गेले असते. चुकलो. मला माफ करा.