पाळेवरचा माझा तुकडा

गोंदियाच्या स्टेशनावर बाबा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या पायांना धानाच्या बांधीतला चिखल तसाच होता. कामठ्याकडच्या आमच्या गावातून बैलगाडीनं आलो होतो. त्यांनी माझी पेटी डब्यात सरकवली आणि म्हणाले, "पोचला का निरोप धाड." एवढंच. रडणंबिडणं आमच्यात नाही. मी नागपूरला शिकायला चाललो होतो आणि शिकून परत येणार, हे दोघंही धरून चाललो होतो.

शिकलो, आणि तिथल्याच हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झालो. धोतर सुटून पॅन्ट आली, सकाळची आंबील जाऊन चहा आला. मुलांना 'अवे' हे क्रियाविशेषण शिकवताना माझी पंचाईत होई. अर्थ म्हणावा तर दूर. पण क्रियापदाच्या मागे लागलं की कधी विरत जाणं, कधी एखादं काम करतच राहणं. शेवटी मोठा कोश उघडला. मूळ जुन्या इंग्रजीतलं निघालं, 'ऑन वे', म्हणजे वाटेवर. गेलेला माणूस आधी नुसता वाटेवर असायचा. दूर हा अर्थ मागाहून चिकटला. मला मोठी गंमत वाटली, मुलांना काही वाटली नाही.

आमच्या गावच्या तलावाची रीत गाव सोडलेल्यांनाही आठवत असेल. उन्हाळ्यात पाळेवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकायची. प्रत्येक कर्त्या पुरुषाचा पाळेवर तुकडा ठरलेला, आणि जो माती टाकेल त्याच्याच धानाला पाणी. गाव कायमचं सोडलं की तुकडाही गेला, पाणीही गेलं. कामाआधी गावचा पटेल एकेकाचं नाव पुकारी. माझं नाव आलं की बाबा म्हणत, "वाटेवर हाये. येऊन राह्यला." मग स्वतःचा तुकडा संपवून माझ्या तुकड्यावरही माती टाकत. मला हे ठाऊकच नव्हतं. एका सुटीत धाकट्या भावानं, किसननं सांगितलं. "बाबाची कंबर गेली," तो म्हणाला. "आनखी किती सालं वाटेवर राहशीन?"

पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः पाळेवर जाऊन उभा राहिलो. माझं नाव आलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मी आता नागपुरातच राहणार. माझा तुकडा ज्याला गरज असेल त्याला द्या." पटेलानं बाबांकडे पाहिलं. "काऊन जी, खरं हाये का?" बाबांनी होकाराची मान हलवली आणि फावडं उचललं. मला फार वाईट वाटलं. पण बोललो ते खरं होतं.

संध्याकाळी घरी आलो. नेहमीसारखा सरळ आत शिरणार, तोच बाबा पाण्याचा लोटा घेऊन दारात आले. लोटा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पाय धुवा जी." मग आत वळून मायला हाक दिली, "पावणे आले, पाट मांड."

त्यात राग नव्हता. तेव्हापासून गावी गेलो की पहिला पाट मला मिळतो, आणि पाळेवर मला कुणी बोलावत नाही.