नाकाशी धरलेला कापूस

लेकीच्या दातांची गुलाबी प्लेट धुताना तोच ओल्या प्लास्टिकचा वास आला. लहानपणी माझाही खालचा जबडा मागे होता. तोंड उघडं टाकून मी मोठ्यानं घोरायचे. बीडच्या डॉक्टरांनी जबडा पुढे आणणारी प्लेट बसवली, "श्वासाची वाट मोकळी होईल," म्हणाले. त्या दुपारी शिरूरला, नव्या शाम्पूच्या पुड्या लटकलेल्या आमच्या दुकानामागं, तापल्या पत्र्याखाली मी पहिल्यांदाच आवाज न करता झोपले. डोळे उघडले तर आई माझ्या नाकाशी कापूस धरून रडत होती. "घोरत कावून न्हाईस गं? लई भ्याले मी!" तिनं प्लेट काढून घेतली ती परत दिलीच नाही. मी अजून घोरते. काल लेक मात्र अगदी शांत झोपली होती, आणि मी कापूस शोधत होते.