टोकाच्या घराची दहा मिनिटं

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता ती नाही, म्हणजे सांगायचं म्हटलं तरी राहिलंच. लिहायची मला सवय नाही — चौथीपर्यंतची माझी शाळा — पण तोंडाने बोलायला लागलो की मी लगेच स्वतःची बाजू घेतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागद. तुम्ही वाचा, मध्ये बोलू नका.

मी पाणी सोडायचो. तीस वर्षं चावीवाला. रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत कमरेएवढी लोखंडी चावी घालायची आणि फिरवायची — काम एवढंच. येरवड्याच्या बाजूला चढावरच्या सात गल्ल्या माझ्याकडे होत्या. एकेका गल्लीला सकाळचा एकेक तास. त्या तासात माणसांचं काय होतं ते पाहिलंय तुम्ही? बाईचा एक हात कणकेत, एक हात पाइपला. बाप तोंडात ब्रश धरून ओरडतोय. पोरं अर्ध्या कपड्यांत. मी सायकलवरून आलो की गल्ली जागी व्हायची, मी चावी काढली की संपलं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? चौथी शिकलेल्या माणसाच्या मनगटावर एवढी माणसं पळायची.

एका गल्लीच्या टोकाला, पार चढाच्या डोक्यावर, कदमचं घर. साडेपाचला पाणी सोडलं की चढ चढून त्याच्या नळाला यायला सव्वासहा वाजायचे. साडेसहाला मी बंद करणार. म्हणजे पंधरा मिनिटं. त्यात त्यांचं जेमतेम भागायचं.

एकदा पाइप फुटला आणि पाणी पार संध्याकाळी आलं. बायका मला घेरून विचारत होत्या, उद्या किती वाजता? मी काही सांगायच्या आत कदम मागून म्हणाला, "अहो, यांना काय विचारता? आधी घड्याळ कळतं का ते तर बघा." बायका हसल्या. तशा फार नाही हसल्या, थोड्याच. पण मला पुरलं.

घड्याळ मला कळत होतं. चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या गल्लीचं पाणी सहा वीसला बंद करू लागलो. खालच्या घरांचं तोवर भरून झालेलं असायचं, त्यांना पत्ताच नाही. दहा मिनिटं कमी झाली ती फक्त टोकाच्या घराची. असं कुणाला सुचलं असतं का? मला सुचलं. मला त्याचा अभिमानही वाटला — तोही लिहून ठेवतो.

आता खरं ते. कदम पहाटेच पहिल्या पाळीला जायचा. त्याची बायको चार घरी पोळ्या करायला. पाणी भरायची ती त्यांची पोरगी, सुनंदा. दहा-अकरा वर्षांची असेल. नळ आटला की ती कळशी घेऊन खाली यायची, कुणाच्या तरी पिंपातून मागायची आणि चढ चढायची. तीन खेपा, कधी चार. शाळा सातची. ओल्या फ्रॉकवर दप्तर अडकवून ती पळायची ते मी रोज बघायचो, कारण माझी पुढची गल्ली त्याच वाटेवर.

म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"काका, जरा थांबा ना, एकच हंडा राहिलाय," असं म्हणायची. मी म्हणायचो, "बाळा, वरूनच बंद झालंय." चावी माझ्या हातात, आणि मी ‘वरून’ म्हणायचो.

वर्षाने कदम आला. मान खाली. "माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला," म्हणाला. मला हवं होतं ते मिळालं होतं, नाही का? तिथे थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी पाणी पुरलं असतं तर त्याला कळलं नसतं का, की इतके दिवस मीच — ? म्हणून म्हणालो, "अहो कदम, पाणी काय माझ्या खिशात आहे?" तरी त्याने मला घरी नेलं, त्याच्या बायकोने चहा केला. कुठून तरी मागून आणलेल्या पाण्याचा. मी प्यालो.

पुढे तीन वर्षं. मग माझी बदली झाली.

गेल्या महिन्यात स्वारगेटला बाकड्यावर बसलो होतो. एक बाई जवळ आली. "चावीवाले काका ना? मी सुनंदा, कदमांची." मी ओळखलं नव्हतं. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. कधी झालं हे सगळं? ती शेजारी बसली. तीही आता पोळ्यांची कामं करते, आईसारखी. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "शाळा नववीतच सुटली हो. रोज उशीर, रोज बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. एक दिवस म्हटलं, नकोच ते." आणि हसली. "तरी आई म्हणायची, चावीवाले बिचारे काय करणार, वरूनच पाणी नाही."

तिची बस यायची होती. घाईत होती, एक डोळा रस्त्यावर. पण बस लगेच आली नाही. मला वेळ मिळाला होता — बोलायला पुरेल एवढा. एक वाक्य तर होतं. सुनंदा, पाणी होतं, मी बंद करत होतो.

"हो ना," मी म्हणालो. "वरूनच नव्हतं."

तिने मान हलवली. बस आली, ती पळत जाऊन चढली.

तेव्हा निदान राग तरी होता. या वेळी तोही नव्हता.