उद्या फुलणारी कळी

मिरचीची कळी उद्या फुलणार की परवा, हे विमलआत्या नुसतं बघून सांगायची. देऊळगाव राजाजवळच्या शेडनेटात संकरित बियाण्यासाठी उद्या फुलणाऱ्या कळीतले नर केसर आजच चिमट्यानं काढायचं काम. कळी तांदळाएवढी आणि आत्या साठीपार. पण तिच्या ओळीत एक कळी चुकली तर शपथ!

तिची भाची छकुली दहावीची सुट्टी लागल्यापासून सोबत जायची. काम यथातथा, नकला मात्र अव्वल. मुकादम दयाराम झाला, कंपनीचा साहेब झाला, मग आत्याचा नंबर लागला. भाकरीचा घास चारदा चावायचा, जबडा धरून थांबायचं, पुन्हा चावायचं. कंगवा डोक्याला टेकताच "अगं माय वं!" करून उडायचं. बाया हसून हसून आडव्या.

"कार्टे, माह्या वयाची झाली की कळंल तुले," म्हणत आत्याही हसायची.

तीन आठवडे हे चाललं. मग एका सकाळी आत्याच्या उजव्या डोळ्यापुढं पडदा पडला, तो उठलाच नाही.

जालन्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "डोकं दुखतं? चावताना त्रास?"

"काही नाही जी. शेडनेटातल्या उजेडानं झालं असंल."

"आत्या, खोटं काऊन बोलतं वं?" छकुलीनं तिथंच अख्खी नक्कल करून दाखवली. घास, जबडा, कंगवा.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आत्याचं कानशील दाबलं, ती कळवळली. "हे कधीपासून?"

"तीन आठवडे," छकुली पुटपुटली.

शरीर आपल्याच रक्तवाहिन्यांवर उठतं, त्या सुजतात, डोळ्याला रक्त पोचत नाही, असं त्यांनी समजावलं. "इंजेक्शन आजच सुरू करू. डावा वाचवायचाय. उजवा... आठ दिवस आधी आणलं असतं तर."

आठ दिवस आधी छकुलीनं तीच नक्कल दोनदा केली होती. बायांनी पुन्हा कर म्हटलं म्हणून.

डावा वाचला. गोळ्यांनी आत्याचं तोंड गरगरीत फुगलं. शेडनेटात परतल्यावर एका डोळ्यानं अंतर कळेना; तिचा चिमटा कळीच्या अलीकडंच, हवेत मिटायला लागला.

छकुली अजून दयाराम करते. पण जेवताना ती आत्याच्या जबड्याकडं बघत बसते.

"काऊन पाहून राह्यली वं? खाऊ दे की!" आत्या खेकसते. मग मिरचीची फांदी तिच्यापुढं ओढते. "सांग, उद्याची कोणती?"

छकुली बराच वेळ बघते. सगळ्या कळ्या सारख्याच. "ही?"

"नीट पाह्य. माह्या वाटचं आता तुलेच पाहा लागंल."