फिस्कारणाऱ्या आजी

त्या आजी मला एकदाच भेटल्या, टोरोंटोच्या स्ट्रीटकारमध्ये. समोर बसल्या बसल्या अचानक "फिस्स!" करून फिस्कारल्या. मी दचकलो, कॉफी सांडली आणि तोंडून "आई गं!" निघालं.

"आईच नाही हो याला," त्या खुशीत मराठीत म्हणाल्या. त्यांच्या कोटातून मांजराचं पिल्लू डोकावत होतं. बोटांवर बँडएडच बँडएड! "जोरात चावलं की आई फिस्कारते, मग पिल्लू हळू चावायला शिकतं. आता याला मीच शिकवते. फिस्स!"

पलीकडच्या आडदांड तरुणाने सीटवरचे बूट मुकाट्याने खाली घेतले. पिल्लू मात्र मफलर चोखता चोखता पुन्हा त्यांचं बोट चावू लागलं. आजी नुसत्या त्याला थोपटत राहिल्या. न राहवून मीच फिस्कारलो.

"हळू!" आजींनी मला दटावलं. "झोपतंय ना ते!"