पाचवीला उंबऱ्याबाहेर

बनुअक्का माजी थोरली जाऊ. आता गावात तिच्याबद्दल लय गोड बोलत्यात. जित्ती हुती तवा ह्याच तोंडांनी तिला अवदसा म्हणत हुती, म्या ह्या कानांनी ऐकलंय. म्हणून त्यांचं राहू द्या, माजं ऐका.

अक्काची तीन लेकरं गेली. जन्मली तवा चांगली गुटगुटीत, रडली की वाडीभर ऐकू जायची. आठवडा भरत आला की पाजाया घेतल्यावर तोंडच उघडंना. मग अंग ताठ व्हायचं, पाठीची कमान व्हायची, आन् संपलं. ह्याला आमच्याकडं सटवीनं नेलं म्हणायचं. सटवी म्हंजी पाचव्या दिवशी जिची पूजा घालत्यात ती, लेकराच्या कपाळावर नशीब लिवणारी. तिनंच लिवलं आन् तिनंच नेलं, मग जाब इचारायचा कुणाला?

आन् ज्या बाईचं लेकरू असं गेलं, तिनं दुसऱ्या बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाई, अशी रीत. पाचवीला लेकुरवाळ्या आत बसायच्या, आन् ही उंबऱ्याबाहेर, गोठ्याकडं तोंड करून. म्हणून अशा बाया गप ऱ्हायच्या. शेजारच्या घरातलं लेकरू कशानं गेलं, ते भिंतीपल्याडच्या बाईला ठावं नसायचं.

अक्काचं मालक, आमचं थोरलं भावजी आकाराम, लामावर, म्हंजी लढाईवर, गेलं हुतं. लाम संपली, शेहेचाळीस साली घरी आलं. त्या साली हळद शिजवताना लढाईचं काहीबाही सांगत बसलं हुतं. एका शिपायाच्या पायात तार घुसली, जखम एवढुशी, पर तिच्यात माती गेली. काही दिसांनी त्याची दातखीळ बसली, अंगाची कमान झाली. डाक्टर म्हणाला, धनुर्वात. घाण जखमेतनं अंगात शिरली.

अक्का काहिलीखाली जाळ घालत हुती. तिचा हात थांबला.

"त्येचं तोंड उघडत न्हवतं?" तिनं इचारलं.

भावजी व्हय म्हणालं, आन् अक्का जाळ सोडून तिथंच बसली. लेकराला दुसरी जखम कुठली असती? नाळेची. ती आमी कापायचो घरच्या विळ्यानं, ज्यानं म्हशीची वैरण कापायची त्यानंच. वर चुलीतली राख न्हाईतर शेण. तोच विळा पाचवीला सटवीपुढं ठिऊन त्याला हळदकुंकू वाहायचं. पुजलेल्या विळ्यावर कोण संशय घेणार? काहिलीखालचा जाळ इझून गेला तरी अक्का उठली न्हाई. त्या दिशी ती जे रडली, ते रडणं मला आजबी आठवतं.

मग ती घरोघर फिराया लागली. ज्या ज्या घरातलं लेकरू तसं गेलं त्या दारात उभी ऱ्हायची आन् एकच इचारायची, शेवटाला दूध वढत हुतं का. काही घरांनी हाकललं. कोंडीबा धनगराच्या बायकोनं तर दार लावून घेतलं, आन् चार दिसांनी आपणच आली, आल्या आल्या पदर तोंडाला लावून रडाया लागली. हळूहळू बाया जमल्या. त्यांचं बापये लाजत लाजत मागनं आलं. आमच्या सोप्यात बसाया सासूनं मनाई केली, म्हणून गावाबाहेरच्या चिंचंखाली बसायच्या.

मी तवा पोटुशी हुते. मलाबी वाटायचं जाऊन बसावं. पर अक्का मला लांबनंच हटकायची.

"शालू, तुजी जागा हितं न्हाई. हितं यायची पाळी तुज्यावर येऊ न्हाई म्हणून तर मी बसलीया."

त्यांचं मागणं एकच हुतं, शिकल्याली नर्स पायजे. नदीपल्याड सांगलीत नर्सा हुत्या, पर सांगली संस्थानची, आन् आमी सातारा जिल्ह्यातलं. म्हणून साताऱ्याला जिल्हा बोर्डाच्या कचेरीत जायचं. बैलगाडी, मग आगगाडी, भाकरी फडक्यात बांधून. पहिल्या खेपंला शिपायानं दारातनंच वाटंला लावलं. दुसऱ्या खेपंला भावजींनी पलटणीचा डगला घातला, तवा कुठं आत सोडलं. साहेब म्हणाला, लेकरं समदीकडंच मरत्यात, आन् एकीनंच काय ते सांगा. अक्का म्हणाली, न्हाई, ज्येची त्येची आई सांगंल. मग एकेक बाई फुडं झाली. कुणाला नीट बोलाया येत न्हवतं. पर शेवट समद्यांचा एकच, तोंड उघडंना. निम्म्यात साहेबानं चष्मा काढून ठेवला. पाऊसकाळ सरला आन् शेजारच्या गावच्या दवाखान्यात उमाबाई नर्स आली, वाईची, बामणाची. आमी समदी हरखून गेलो.

माजं बाळंतपण तिनंच केलं. कात्री उकळली, दोराबी उकळला. सासूला बजावून सांगितलं, बेंबीला काय बी लावायचं न्हाई. पोरगी झाली, गोरीगोमटी. अक्का दाराबाहेर उभी हुती. तिला रीतीनं आत येता येत न्हवतं, म्हणून म्या पोरगी दारातनं वर करून दाखवली. ती हसली. तिला तसं हसताना म्या कवा बघितलं न्हवतं.

पाचवीला लेकुरवाळ्या आत आल्या आन् अक्काला गोठ्याकडं बसवलं. पूजा झाली. दमून माजा डोळा लागला. सासूनं धुपाटण्यातली राख घेतली, आन् नातीच्या बेंबीला लावली. मायेनंच लावली. समद्या गावात ज्या बाईनं तिचा हात धरला असता, तीच भाईर बसली हुती.

बारसं व्हायच्या आत पोरगी गेली. तिला नावबी न्हवतं.

बाळंतपणाचा इटाळ फिटला तशी मी चिंचंखाली गेले. अक्कानं मला बघितलं. ती सरकली आन् शेजारची माती हातानं झाडली. मी तिथं बसले. मागनं सासू आली, लांबच उभी ऱ्हायली.

"राख म्याच लावली," ती म्हणाली. "पोरीला काय व्हऊ न्हाई म्हणून लावली."

मला तिच्या तोंडाकडं बघवंना. अक्का उठली, तिला हाताला धरून आणलं. म्हणाली, "आत्याबाई, ह्येच गावातल्या समद्या सासवांना सांगाय येशीला?"

म्हातारी अक्कासंगं जाया लागली. कुणाच्या घरात पाळणा हलायचा झाला की अक्का आन् ती, दोघी दारात हजर. लोकांनी काय काय ऐकवलं तिला. ती खाली मान घालून तेवढंच सांगायची, राख म्या लावली, आमची गेली, तुमी लावू नगा.

दोन वर्सांनी मला पोरगा झाला. पाचवीला सासूनं अक्काचा हात धरला आन् समद्या बायांदेखत तिला उंबऱ्याच्या आत आणलं, माज्या उशाशी बसवलं. एक बाई उठून गेली, जाऊ दे मेली. अक्कानं समदी पूजा हुईस्तवर पोराच्या बेंबीवरची नजर काढली न्हाई.

पूजा झाल्यावर म्या सासूला हुडकलं. ती भाईर हुती, गोठ्याकडं तोंड करून बसल्याली. माजा राग तवाबी गेला न्हवता. तरी म्या हाक मारली, आत्याबाई, आत या.

ती आली न्हाई.