स्कार्फवाली संशयित

मी गुप्तहेर आहे, आणि ही गोष्ट वर्ध्यात सगळ्यांना माहीत आहे.

यात माझा काही दोष नाही. एका सायकल दुकानाच्या वरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. बाहेर पाटी लावलीय : 'खासगी चौकशी. पूर्ण गुप्तता.' (पेंटरने उत्साहाच्या भरात खाली एक दुर्बीणही काढली. पैसे मात्र तिचे वेगळे मागितले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे.) येणारी माणसं जिना चढायच्या आधी सायकलवाल्यालाच ओरडून विचारतात, "ते गुप्त चौकशीवाले कुठी बसते हो?" आणि तो पंक्चर काढता काढता, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "वरतं जा! जावयाची हाय का सुनेची?"

कारण माझ्याकडे खून येत नाहीत, बायोडाटे येतात. मुलगा पितो का? नोकरी पर्मनंट आहे का? शेती म्हणतात ती स्वतःची का काकाची? लग्नाआधी मुलीकडच्यांना हे हवं असतं, आणि ते काढायची माझी पद्धत एकच. मुलाच्या घराजवळच्या पानठेल्यावर जायचं, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटायला सांगायचं, कापसाच्या भावावरून बोलणं सुरू करायचं आणि हळूच मुलाच्या नावावर यायचं. अडचण एवढीच, की कापसापर्यंत पोहोचायच्या आधीच ठेलेवाला म्हणतो, "काऊन भाऊ, आज कोणाच्या पोराचा नंबर?" एकदा तर मुलाच्या आईनेच मला वरच्या गॅलरीतून हाक मारून चहाला बोलावलं आणि समोर पोराची दहावीची मार्कलिस्ट ठेवली. मी ती बघून परत आलो. चहा चांगला होता.

तर अशा या माझ्या कारकिर्दीत घरातली पहिली केस आली. माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या मोठ्या बहिणीचे यजमान, तळेगावला शिक्षक होते. रिटायर झाले तरी सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात आणि तेही घरात सगळ्यांना विद्यार्थीच समजतात. त्यांची एकुलती एक पल्लवी सावंगीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. तिला स्थळ आलं. मुलगा निखिल, मूळ हिंगणीचा, सावंगीत स्वतःचं मेडिकल स्टोअर. समाजातला, घर चांगलं, आई साधी. गुरुजींनी मला तळेगावला बोलावून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"जय भीम. बसा. बाकी सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण पोराचं कुठी जमून-बिमून त नाई ना, तेवढं पाहून घ्या. प्रेमाचं काही निघालं त आपलं नाई म्हणजे नाई. मंग त्याचं दुकान सोन्याचं असो."

'प्रेमविवाह' हा शब्द ऐकला की गुरुजींचा हात अजूनही छडी शोधतो. त्यांच्या मते जे आईबापांना विचारून होतं ते लग्न, आणि बाकीचं सगळं म्हणजे शिस्तभंग. मी छाती पुढे काढून म्हणालो, "गुरुजी, तुम्ही निश्चिंत राहा. पोरानं शिंकलं तरी तुम्हाला कळेल!"

दुसऱ्या दिवशी सावंगीला पोहोचलो, तर दुकानासमोर पानठेलाच नाही! आता उभं राहायचं कुठे? शेवटी दुकानात गिऱ्हाईक बनूनच उभं राहणं भाग होतं. पहिल्यांदा मी ओआरएसची पुडी घेतली. मग बाम. दुसऱ्या दिवशी काय मागावं ते सुचेना, तेव्हा जंताच्या गोळ्या मागितल्या. त्यानंतर दोन बाया दुकानात आल्या, मी गडबडलो, डोळ्यांसमोर जो खोका दिसला त्याकडे बोट दाखवलं. ते मूळव्याधीचं मलम निघालं. आणि तिसऱ्या दिवशी, खरं सांगतो, मला स्वतःलाच माहीत नाही का, मी खरजेचं औषध घेतलं.

निखिल माझ्याकडे फार वाईट वाटल्यासारखा बघत होता. "काका, हे कोणाले पाह्यजे?"

"मलेच."

"आन् कालच्या जंताच्या गोळ्या?"

"त्याही मलेच."

त्याने आतून स्टूल आणून दिलं, पाण्याची बाटली दिली आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी कोणी पाहाले नाई का तुम्हाले? मी डॉक्टरकडं नंबर लावून देऊ का? लाजू नोका."

माझी पंचाईत अशी, की पोरगं खरंच चांगलं होतं! म्हाताऱ्यांना गोळी जेवणाआधी का नंतर हे चार-चारदा समजावून सांगायचा. फोनवर आईशी नीट बोलायचा. खर्रा नाही, बिडी नाही, शिवी नाही. पण गुप्तहेराला काहीच सापडलं नाही तर त्याला आपण फुकट उन्हात उभे राहिलो असं वाटतं. मला काहीतरी सापडायला हवं होतं.

आणि सापडलं! दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की हा शटर अर्धं ओढायचा, औषधांच्या फ्रीजच्या काचेत बघून केस विंचरायचा आणि मोटरसायकलवर निघून जायचा. कंगवा! जेवायला जाणारा माणूस केस विंचरून जातो का? मी डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळला, गॉगल चढवला आणि स्कूटर त्याच्यामागे घातली. तो रस्त्याच्या कडेच्या एका रसवंतीशी थांबला. तिथे बाकड्यावर एक मुलगी बसली होती.

आता कोणती मुलगी, हे कसं सांगू? मे महिना. आमच्याकडे मे महिन्यात पोरींना चेहरा नसतो. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ, त्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. सख्खी आईसुद्धा चपलेवरून ओळखते. (आमच्या धंद्याचं उन्हाळ्यात जे नुकसान होतं, त्याची कुणी भरपाई देत नाही.) ती स्कार्फच्या खालून स्ट्रॉ घालून रस पीत होती. निखिल काहीतरी बोलला. ती हसली. मग ह्याने स्वतःच्या ग्लासातला बर्फ काढून तिच्या ग्लासात टाकला!

माझं डोकं तापलं. तिकडे आमची पल्लवी बिचारी, सूक्ष्मदर्शकात डोळे घालून लोकांच्या रक्तातले जंतू मोजतेय, आणि इकडे हा भामटा दुसरीच्या ग्लासात बर्फ टाकतोय! तेव्हाच गुरुजींना फोन लावणार होतो, पण म्हटलं, आधी हिचा चेहरा बघू. पुराव्याशिवाय बोलणं आपल्या धंद्यात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी रसवंतीवरून ती एकटी पायी निघाली. मी निखिलला सोडलं आणि तिच्यामागे लागलो. ती भरभर चालायला लागली, मी स्कूटर भरभर केली. ती गल्लीत वळली, मी वळलो. ती भाजीच्या गाडीपाशी थांबली, मी थांबलो आणि गॉगल न काढता वांग्याचा भाव विचारला. तेवढ्यात तिने फोन काढून कुणाला तरी घाईघाईने काही सांगितलं, आणि मग वळून जोरात ओरडली, "ओ! मघापासून माह्या मागं काऊन लागले तुम्ही?"

आवाज स्कार्फमधून आल्यामुळे घुसमटलेला होता. पण गर्दी जमायला तेवढा पुरला. चारीकडून माणसं धावली. एकाने स्कूटरची चावी काढली, दुसऱ्याने माझी कॉलर धरली.

"तोंड बांधून पोरीच्या मागं फिरून राह्यला! वय पाहा याचं!"

"सोडा रे त्याच्या तोंडाचं! पाहू दे कोण हाय थे!"

आणि त्या क्षणी माझ्या तोंडून, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चुकीचं वाक्य बाहेर पडलं. मी म्हणालो, "आधी तिच्या तोंडाचं सोडा!"

यानंतर काय झालं ते मी सविस्तर सांगत नाही. वांगी चुलीवर भाजतात असाच माझा समज होता, ती फेकूनही मारता येतात हे त्या दिवशी कळलं. कॉलर धरणारे आता चार झाले होते. तेवढ्यात धाडकन मोटरसायकल थांबली आणि गर्दीतून वाट काढत निखिल आला. कुणीतरी माझा गॉगल ओढून काढला. निखिलने माझे डोळे पाहिले आणि दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभा राहिला.

"थांबा! मारू नोका! हे काका आपले पेशंट आहेत! यायले मूळव्याध हाय!"

गर्दी जरा थबकली.

"आन् जंत हायेत! आन् खरूज!"

'खरूज' म्हटल्याबरोबर चारही जणांनी माझी कॉलर एकदम सोडली. एकाने तर हात पॅन्टला पुसले. ज्याने चावी काढली होती, त्याने ती भाजीच्या गाडीवर लांबूनच ठेवली. मला घाम पुसायचा होता म्हणून मी दुपट्टा सोडला, आणि समोरून एक ओळखीची किंकाळी आली.

"मावसाजी?"

स्कार्फ खाली ओढला गेला. आतून आमची पल्लवी निघाली.

आम्ही तिघं परत त्याच रसवंतीवर जाऊन बसलो. मला रस पाजला गेला, आणि गुरुजींनीच पाठवलंय हे मी कबूल करून टाकलं. निखिलने माझ्या शर्टावरचं वांगं झटकलं. (खरजेला न घाबरता! हे मी लक्षात ठेवलं.) आणि मग पल्लवी रडायला लागली.

"कॉलेजपासून आहे मावसाजी. बाबाले सांगायची हिंमतच नाई झाली. म्हणून म्हटलं, स्थळ म्हणूनच येऊ दे, बाबा पाहतीन, पसंत करतीन, त्यायलेही वाटन आपणच पाह्यलं. आता तुम्ही सांगान त सगळं संपलं. बाबा जन्मात हो म्हणणार नाई."

या पोरीला मी सायकल शिकवली आहे. ती पडली की रडायच्या आधी इकडे तिकडे बघायची, बाबा तर बघत नाहीत ना. तीच नजर होती. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. मी काही बोलणार तर निखिलच म्हणाला, "काका, तुमचं काम आहे, तुम्हाले खरं सांगा लागन. सांगजा. फक्त मले आधी फोन करजा. मी तळेगावले येतो. तिले एकटीले बोलणे खाऊ देणार नाई मी."

मी त्याच क्षणी मनाशी ठरवलं की जावई हाच. पण आता गुरुजींसमोर उभं राहायचं होतं, आणि गुरुजींसमोर खोटं बोलायला मला कधीच जमलेलं नाही. तळेगावपर्यंत एसटीत मी वाक्यं जुळवत बसलो. शेजारच्या बाईने मला वेडा समजून जागा बदलली.

गुरुजींनी परीक्षा घ्यावी तसं समोर बसवलं. साळी, म्हणजे पल्लवीची आई, चहा घेऊन आली आणि दाराशीच थांबली.

"निर्व्यसनी?" गुरुजी.

"एकदम!"

"स्वभाव?"

"गुरुजी, अनोळखी माणसासाठी मार खायला उभा राहणारा पोरगा आहे. स्वतः पाह्यलं मी." (इथे माझा आवाज जरा भरून आला. मला वाटतं त्याचा परिणाम चांगला झाला.)

"आन् ते दुसरं? कुठी जमून-बिमून?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "गुरुजी, मी सलग मागावर होतो. आपल्या पल्लवीशिवाय तो दुसऱ्या कोणत्याच पोरीकडं पाहत नाई!"

"पाहत नाई? त्यानं पल्लवीले अजून पाह्यलं कुठी?"

"पाहणार नाई!" मी घाईघाईने म्हणालो. "पाहणार नाई असं म्हणतो मी! लग्न झाल्यावर! असा एकनिष्ठ माणूस चालण्यावरूनच ओळखू येते!"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दाराशी साळीच्या हातातून ट्रे पडला. मग ते म्हणाले, "ठीक आहे. तुमचा एवढा अनुभव आहे, तर पुढचं बोलू." मी उठलो आणि गुरुजी आणखी काही विचारायच्या आत एसटी गाठली.

घरी येईपर्यंत मात्र मी पुन्हा छाती काढून चालत होतो. सुनंदा ज्वारीची भाकर थापत होती. मी म्हणालो, "आज मी एक असं गुपित पोटात ठेवलंय, की जगात कोणाले माहीत नाई."

"कोणतं? पल्लवी-निखिलचं?" तिने भाकर तव्यावर टाकली. "ते त मले कॉलेजपासून माहीत आहे. हिंगणीच्या लोकायले सांगून स्थळ मीच धाडलं ना."

मी पाटावर बसलो. "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"भाऊजी नागपूरचा माणूस बोलवून राह्यले होते, मोठ्या एजन्सीचा. त्यानं एका दिवसात सगळं उकरून काढलं असतं. म्हणून म्हटलं, घरचा माणूस असताना बाहेरचा काऊन? यायलेच द्या हे काम." तिने भाकर उलटली. "मले तुमच्यावर पूर्ण भरोसा होता. तुमच्या हाती आजपर्यंत कधी काही लागलं का? यावेळेस कसं लागलं, तेच समजून नाई राह्यलं."

लग्न छान झालं. गुरुजी विहारात सगळ्यांना सांगत होते, जावई मी निवडलाय. साळीच्या बहिणी, चुलत बहिणी, शेजारणी मात्र माझ्याकडे बघून एकमेकींच्या कानाशी लागत होत्या. तेव्हापासून माझा धंदा जोरात आहे. जिन्यावर आता बापांपेक्षा आया, मावशा आणि आत्याच जास्त येतात. परवा एक बाई आली, खुर्चीवर बसली, पदराने घाम पुसला आणि हळूच म्हणाली, "तुमचं भल्लं नाव ऐकलं बाप्पा. तुम्हाले काहीच सापडत नाई म्हणे?"

मी नम्रपणे मान झुकवली. "गॅरंटी आहे, ताई."